उत्प्रेरणातलं संशोधन ते प्राध्यापकी: पायऱ्यांचा क्रम चुकवू नका

केमिकल इंजिनीअरिंग करून कॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे उत्प्रेरणात, पीएचडी करायची आणि पुढे प्राध्यापक व्हायचं, असं ठरवलेली मुलंमुली मला नेहमी भेटतात. हुशारी आणि कष्ट यांत त्यांची बाजू भक्कम असते. चुकतो तो क्रम. आधी उत्प्रेरक बनवतात, मग त्याचे फोटो आणि आलेख जमवतात, मग रिअ‍ॅक्टर शोधतात आणि चौथ्या वर्षी कळतं की कार्बनचा हिशेब जुळत नाही. पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन-नोकरीचा, विचार व्हायवानंतर, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेनंतर, सुरू होतो. प्राध्यापकपदाच्या अर्जातला संशोधन-आराखडा शेवटच्या आठवड्यात लिहिला जातो. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे. सगळ्यात जास्त जागा मी प्रयोगशाळेतल्या कामाला दिली आहे, कारण मुलाखतीच्या खोलीत माणूस अडखळतो तो तिथल्याच प्रश्नांवर.

टप्पा १: दार निवडणं

गेट या प्रवेश परीक्षेचा गुण निकालापासून तीन वर्षं चालतो. त्यामुळे शेवटच्या वर्षाला असतानाच केमिकल इंजिनीअरिंगचा पेपर द्या आणि गुण हातात ठेवा. रसायनशास्त्राकडे जास्त ओढ असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर बीई-बीटेक झालेल्यांनाही देता येतो. जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडं वेगळं.

महाराष्ट्रात या विषयासाठी तीन ठिकाणं आधी पाहावीत: माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल, आणि पवईची आयआयटी. एनसीएलमध्ये काम करणाऱ्यांना पदवी अ‍ॅकसिर या संस्थेकडून मिळते. तिचं प्रवेशाचं वेळापत्रक विद्यापीठांपेक्षा वेगळं असतं आणि ते न पाहिल्यामुळे अनेकांचं एक सत्र वाया जातं. महाराष्ट्राबाहेर आयआयटी मद्रासमधलं राष्ट्रीय उत्प्रेरण संशोधन केंद्र डोळ्यांसमोर असू द्या.

*तपासणी:* बीईनंतर थेट पीएचडी की आधी एमटेक, हा निर्णय आत्ताच घ्या. थेट पीएचडीत वेळ वाचतो, पण रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंग कच्चं असेल तर एमटेकची दोन वर्षं पुढे खूप कामी येतात.

टप्पा २: गाइड ठरवण्याआधी लॅब पाहणं

बहुतेक जण गाइडचे पेपर वाचतात आणि थांबतात. पेपर वाचाच, पण एक दिवस प्रत्यक्ष लॅबमध्ये जा. सिनिअर विद्यार्थ्यांना चहाला घेऊन जा आणि साधे प्रश्न विचारा. रिअ‍ॅक्टर किती आहेत आणि त्यांवर काम करणारे किती? जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र, लॅबचा स्वतःचा आहे की दुसऱ्या विभागात नमुने पिशवीतून न्यावे लागतात? मागच्या तीन विद्यार्थ्यांना थिसिस जमा करायला किती वर्षं लागली? ते आता कुठे आहेत?

एका रिअ‍ॅक्टरवर सहा जण असतील तर तुमच्या वाट्याला आठवड्यातून एखादा दिवस येईल. एका उत्प्रेरकाची टिकाऊपणाची चाचणी शंभर तास चालते हे लक्षात घेऊन गणित मांडा.

*सावधान:* "आमच्याकडे सगळं बाहेरून करून घेतात" असं उत्तर आलं तर पुन्हा विचार करा. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी बाहेरून चालते. अभिक्रियेची चाचणी बाहेरून करून घेणारा संशोधक स्वतःच्याच निकालाबद्दल ठामपणे बोलू शकत नाही.

टप्पा ३: पहिले सहा महिने फक्त रिअ‍ॅक्टर

या टप्प्यावर घाई करू नका. माझ्या स्वतःच्या पीएचडीचे पहिले सात महिने वाया गेले. थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी तार भट्टीच्या भिंतीजवळ होती, बेडमध्ये म्हणजे उत्प्रेरकाच्या थरात नव्हती. भट्टी ३५० अंश दाखवत होती आणि आत उत्प्रेरक त्याहून बराच तापत होता. ते सगळे आकडे मला फेकून द्यावे लागले. म्हणून पुढचा क्रम जसाच्या तसा पाळा.

(क) गळती. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा, मग दाब भरून व्हॉल्व्ह बंद करा आणि रात्रभर दाब उतरतो का ते पाहा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के अशा मोठ्या पट्ट्यात पेट घेऊ शकतो. ही तपासणी दर नव्या पॅकिंगनंतर करायची.

(ख) प्रवाह. वायूचा प्रवाह ठरवणाऱ्या मास फ्लो कंट्रोलरवर दिसणारा आकडा तसाच खरा मानू नका. साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने प्रत्येक वायूसाठी पाच-सहा बिंदू मोजा आणि स्वतःची रेषा काढा. नायट्रोजनसाठी जुळवलेला कंट्रोलर कार्बन डायऑक्साइडला वेगळा आकडा देतो.

(ग) तापमान. थर्मोकपलचं टोक बेडच्या मधोमध हवं. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करताना दर मोलमागे सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत छोट्या बेडमध्येही गरम ठिपका तयार होतो. उत्प्रेरकात सिलिकॉन कार्बाइड किंवा क्वार्ट्‌झचे कण मिसळून बेड पातळ करा.

(घ) जीसीचं कॅलिब्रेशन. एफआयडी हा डिटेक्टर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पाहत नाही. मिथनायझर (कार्बनच्या ऑक्साइडांचं मिथेन करणारा जोड) नसेल तर त्या वायूंसाठी टीसीडी हा दुसरा डिटेक्टर लागतो. प्रमाणित सिलिंडरवरून प्रत्येक वायूचा रिस्पॉन्स फॅक्टर काढा आणि दर महिन्याला तपासा.

(ङ) कोरी चाचणी. आधी रिकामी नळी, मग क्वार्ट्‌झ वूल आणि पातळ करायचे कण भरून, मग फक्त आधार म्हणजे अ‍ॅल्युमिना किंवा सिलिका घालून. स्टीलच्या नळीची भिंतसुद्धा काही अभिक्रिया घडवते. कोऱ्या नळीत ४ टक्के रूपांतर दिसत असेल तर तुमच्या उत्प्रेरकाच्या ७ टक्क्यांना फारसा अर्थ उरत नाही.

आता एक चूक, जी मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका मोलला हायड्रोजनचे चार मोल लागतात, आणि त्यातून मिथेनचा एक व पाण्याचे दोन मोल होतात. बाहेर पाणी थंड करून काढलं की वायूचं आकारमान झपाट्याने घटतं. समजा एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि चार मोल हायड्रोजन आत गेले आणि निम्मं रूपांतर झालं. बाहेर कोरड्या वायूत अर्धा मोल कार्बन डायऑक्साइड, दोन मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल मिथेन, म्हणजे एकूण तीन मोल. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण २० टक्क्यांवरून १६.७ वर आलं. फक्त टक्केवारीवरून हिशेब करणारा रूपांतर १६.७ टक्के लिहील. खरं उत्तर ५० आहे. यावर उपाय सोपा आहे: फीडमध्ये थोडा नायट्रोजन घाला आणि प्रत्येक घटकाचं नायट्रोजनशी असलेलं गुणोत्तर वापरा. नायट्रोजन अभिक्रियेत भाग घेत नाही, त्यामुळे तो मोजपट्टीचं काम करतो.

*तपासणी:* कार्बनचा ताळेबंद (आत गेलेल्या कार्बनपैकी बाहेर किती मोजला) ९५ ते १०५ टक्क्यांत बसला नाही तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. ८५ टक्के आला तर कोक म्हणजे कार्बनचा थर बसतोय, जड पदार्थ नळीत गोठतोय किंवा जीसी चुकतोय. कोणतं ते शोधा.

*सावधान, हे जिवाशी संबंधित आहे:* क्षपित, म्हणजे हायड्रोजनने धातुरूपात आणलेलं, निकेल कार्बन मोनॉक्साइडच्या प्रवाहात थंड करू नका. साधारण २०० अंशांखाली निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं. ते अत्यंत विषारी आहे आणि ४३ अंशांना उकळतं, म्हणजे वायू होऊन थेट खोलीत येतं. तापमान उतरवण्याआधी नायट्रोजन किंवा आर्गॉनने नळी पूर्ण धुऊन घ्या. शिवाय स्टीलच्या सिलिंडरमधल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये लोखंडाचं कार्बोनिल असू शकतं. ते उत्प्रेरकावर लोखंड बसवतं आणि तुम्ही भलत्याच धातूचा पेपर लिहिता. त्यासाठी वाटेत ट्रॅप लावा.

वीज जाते, हे गृहीत धरा. हायड्रोजनच्या वाटेवर वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा आणि जीसीला यूपीएस हवा. रात्रीचा रन एकट्याने सुरू करून घरी जाऊ नका.

टप्पा ४: उत्प्रेरक बनवणं आणि वही

इथे सर्वसाधारण पद्धत इन्सिपिअंट वेटनेस इंप्रेग्नेशनची: आधाराच्या छिद्रांत मावेल तेवढंच द्रावण. आधाराचं छिद्र-आकारमान ग्रॅममागे ०.८ मिलिलिटर असेल तर १० ग्रॅमला ८ मिलिलिटर. हा आकडा विक्रेत्याच्या कागदावरून घेऊ नका. थेंब थेंब पाणी टाकून भुकटी ओलसर दिसायला लागेपर्यंत स्वतः मोजा.

१० टक्के निकेलसाठी ९ ग्रॅम आधार आणि १ ग्रॅम निकेल. त्यासाठी निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट ४.९५ ग्रॅम लागतं. पण हे क्षार हवेतली ओल खेचतात. जुलैत मुंबईत उघडी राहिलेली कोबाल्ट नायट्रेटची बाटली पाहिलीत तर कळेल. वजन बरोबर दिसतं आणि धातू कमी पडतो. झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या आधाराची गोष्ट आणखी कठीण, तो स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं पाणी धरू शकतो. म्हणून वजन नेहमी सुकवलेल्या नमुन्याचं घ्या आणि धातूचं प्रमाण आयसीपी या मूलद्रव्य-मोजणीने तपासून मगच लिहा.

सुकवणं ११० ते १२० अंशांना रात्रभर. कॅल्सिनेशनचं, म्हणजे हवेत भाजण्याचं, तापमान सगळे लिहितात. ते किती वेगाने चढवलं, हवा स्थिर होती की वाहती, भुकटीचा थर किती जाड होता, हे कुणीच लिहीत नाही. नायट्रेटमधून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड स्थिर हवेत रेंगाळले तर कण मोठे होतात. दुसऱ्या बॅचला वेगळा निकाल येतो आणि मग दोन महिने कारण सापडत नाही.

वहीत प्रत्येक बॅचला वेगळा क्रमांक द्या. एकच पदार्थ तीनदा बनवलात तर तीन क्रमांक. पेपरमधला प्रत्येक बिंदू कोणत्या बॅचचा, हे पाच वर्षांनीही सांगता आलं पाहिजे.

*तपासणी:* पहिला चांगला उत्प्रेरक हाती लागला की तो पुन्हा एकदा शून्यापासून बनवा, शक्य असेल तर दुसऱ्याच्या हातून. दोन्ही बॅच जुळल्या तरच तो तुमचा.

टप्पा ५: आकडे काढण्याचा क्रम

आता चाचणी. इथेही मुलं शेवटचं काम आधी करतात.

पहिलं काम समतोलाचं. तुमच्या तापमानाला आणि दाबाला ऊष्मागतिकीनुसार जास्तीत जास्त किती रूपांतर शक्य आहे ते काढा आणि आलेखावर ती रेषा आखा. तुमचा बिंदू रेषेच्या वर गेला तर तापमान किंवा जीसी चुकलेला आहे. तो शोध नव्हे.

दुसरं काम वहनाचं. कणाच्या आत अभिकारक पोचायला वेळ लागत असेल तर तुम्ही अभिक्रियेचा खरा वेग मोजतच नाही. कण निम्म्या आकाराचे करून पाहा. ग्रॅममागचा दर तोच राहिला तर ठीक. त्याशिवाय वाइस-प्रेटर निकषाची किंमत काढा: दर गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले प्रभावी विसरण (डिफ्यूजन) गुणांक गुणिले पृष्ठभागावरची संहती (कॉन्सन्ट्रेशन). उत्तर १ पेक्षा बरंच कमी हवं. बाहेरच्या विसरणासाठी वजन आणि प्रवाह एकाच प्रमाणात वाढवून रूपांतर बदलतं का ते पाहतात. मात्र प्रयोगशाळेतल्या मंद प्रवाहांत ही चाचणी बोथट असते, म्हणून मिअर्सचा निकषही काढा. आणखी एक खूण: सक्रियण ऊर्जा १०-२० किलोज्यूल आली तर विसरणाचा संशय घ्यायलाच हवा.

तिसरं काम दराचं. दर काढायचा तर रूपांतर १० ते १५ टक्क्यांखाली ठेवा. तिथे बेडच्या सुरुवातीला आणि शेवटी संहती जवळजवळ सारखी असते. दोन उत्प्रेरकांची निवडकता म्हणजे सिलेक्टिव्हिटी तोलताना दोघांचं रूपांतर सारखं ठेवा. एकाची १० टक्क्यांवर आणि दुसऱ्याची ८० टक्क्यांवर मोजून तुलना करणं हा अन्याय आहे, कारण रूपांतर वाढलं की निवडकता आपोआप बदलते.

चौथं काम टिकाऊपणाचं, आणि इथे मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे. १०० टक्के रूपांतरावर १०० तास चालवलेला रन टिकाऊपणा सिद्ध करत नाही. बेडमध्ये गरजेपेक्षा जास्त उत्प्रेरक असेल तर निम्मा मेला तरी बाहेरचा आकडा हलत नाही. टिकाऊपणा ३० ते ५० टक्के रूपांतरावर दाखवा. चांगले परीक्षक सगळ्यात आधी इथेच बोट ठेवतात.

द्रवातल्या अभिक्रियेसाठी वेगळी चाचणी लागते. अभिक्रिया निम्म्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं द्रावण पुढे चालू ठेवा. रूपांतर वाढतच राहिलं तर धातू द्रावणात उतरलाय. थंड करून गाळू नका, कारण विरघळलेला धातू थंड झाल्यावर पुन्हा आधारावर बसतो आणि खोटं समाधान देतो. आणि "पाच वेळा पुन्हा वापरला" हा स्तंभालेख पूर्ण रूपांतरावरचा असेल तर तो वरच्याच चुकीचा भाऊ आहे.

टीओएफ म्हणजे टर्नओव्हर फ्रीक्वेन्सी, एका सक्रिय जागेवर ठरावीक वेळात किती रेणू बदलतात तो आकडा, सगळ्यात शेवटी. ती काढायला सक्रिय जागा मोजाव्या लागतात, साधारणपणे हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या केमिसॉर्प्शनने (पृष्ठभागाला चिकटलेला वायू मोजून). एकूण धातूने भागून आलेल्या आकड्याला टीओएफ म्हणू नका. भाजक काय घेतलाय ते स्पष्ट लिहा.

यानंतर एक्सआरडी, एक्सपीएस (पृष्ठभागाची क्ष-किरण तपासणी), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक). हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते उत्तर देतं तुमच्या प्रश्नाला. प्रश्न चाचणीतून यायला हवा. वापरून झालेल्या उत्प्रेरकाचे नमुनेही पाठवा. ताज्या नमुन्याचे देखणे फोटो आणि वापरलेल्याचा एकही नाही, असा पेपर वाचला की मला चुटपुट लागते.

*सावधान:* क्षपित निकेल किंवा कोबाल्ट थेट हवेत काढलं तर पेटू शकतं. आधी सुमारे १ टक्का ऑक्सिजनच्या मिश्रणाने हळूहळू त्यावर ऑक्साइडचा थर येऊ द्या.

टप्पा ६: पेटंट, पेपर, परिषद, याच क्रमाने

प्रक्रिया उद्योगाला उपयोगी असेल तर आधी संस्थेच्या पेटंट कक्षाकडे जा. प्रोव्हिजनल अर्ज केल्यावर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. परिषदेतलं पोस्टर हेसुद्धा जाहीर करणंच असतं. सवलतीची कलमं आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

पेपर लिहिताना आधी आकृत्या क्रमाने लावा आणि त्या गाइडला दाखवा. मजकूर नंतर. पूरक माहितीत कोऱ्या चाचण्या, ताळेबंद आणि विसरणाचे निकष द्या. हे तीन आधीच दिलेले असले की परीक्षकांची निम्मी पत्रं येतच नाहीत. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका, निवड समितीला ती नावं पाठ असतात.

टप्पा ७: पोस्टडॉक व्हायवाच्या वर्षभर आधी

आयआयटीच्या नियमित सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडीचा काळ सोडून तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे बहुतेकांना पोस्टडॉक करावाच लागतो. थिसिस लिहायला घेतलात की त्याच महिन्यात पत्रं पाठवायला लागा. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप हवी असेल तर तिचा एक नियम आधीच वाचा: यजमान देशात गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला माणूस अपात्र ठरतो. जर्मनीत दीड वर्ष काम करून मग तिथूनच जर्मनीसाठी अर्ज भरणारे इथे अडकतात.

पत्र लहान ठेवा: त्यांच्या एका पेपरमधला एक मुद्दा, तुम्हाला येणारं एक तंत्र आणि दोन्ही जोडून काय करता येईल ते. पन्नास जणांना एकच पत्र पाठवलेलं ओळखू येतं.

विषय थोडा बदला. निकेल-अ‍ॅल्युमिनावर पीएचडी आणि पुन्हा निकेल-अ‍ॅल्युमिनावर पोस्टडॉक केलात तर समिती विचारते की नवीन काय शिकलात. गतिकीचं काम केलं असेल तर अभिक्रिया चालू असतानाची स्पेक्ट्रोस्कोपी शिका किंवा संगणकीय काम करणाऱ्या गटात जा.

टप्पा ८: प्राध्यापकपदाचा अर्ज

संशोधन-आराखड्यात तीन गोष्टी हव्यात: पहिल्या दोन वर्षांत हमखास होईल असं एक काम, पाच वर्षांचा मोठा प्रश्न आणि तो तुमच्या गाइडच्या कामापेक्षा वेगळा कसा. उपकरणांची यादी किमतींसह द्या. विभागात आधीपासून काय आहे ते पाहून तेवढं वगळा.

शिकवण्याबद्दल कोणता विषय, कोणत्या वर्षाला, हे नेमकं लिहा. "कोणताही विषय शिकवू शकतो" असं लिहिणाऱ्याला मास ट्रान्सफरचं पहिलं गणित फळ्यावर सोडवायला सांगतात. मुलाखतीआधी रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंग, थर्मो आणि ट्रान्सपोर्ट पदवीच्या पातळीवर पुन्हा करा. व्याख्यानात तुमच्या सर्वोत्तम आलेखावर "हे विसरणाच्या मर्यादेत नाही कशावरून?" हा प्रश्न येणारच. उत्तराची स्लाइड मागे तयार ठेवा.

नियमित जागा निघेपर्यंत इन्स्पायर फॅकल्टी ही पाच वर्षांची फेलोशिप एक चांगली वाट आहे. वयाची अट मात्र काटेकोर असते, जाहिरात वाचताना आधी तीच पाहा.

टप्पा ९: रुजू झाल्यावरचं पहिलं वर्ष

पूर्वीच्या एसईआरबी या संशोधन-निधी मंडळाची कामं आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आहेत. नव्या प्राध्यापकांसाठीची योजना रुजू झाल्यानंतर ठरावीक मुदतीतच खुली असते, म्हणून पहिल्या सत्रातच प्रस्ताव लिहा.

खरेदीला महिने जातात. सगळ्यात आधी जीसी आणि मास फ्लो कंट्रोलरची मागणी टाका. त्यांची वाट पाहताना गॅस-लाइनचं काम करून घ्या: सिलिंडर इमारतीबाहेर, हवेशीर जाळीच्या खोलीत, साखळीने बांधलेले. हायड्रोजनचा डिटेक्टर छताजवळ बसवा, कारण तो वायू वर जातो. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवा. डिटेक्टरच्या भोंग्याचा आवाज बाहेरच्या वऱ्हांड्यात ऐकू येतो का, ते पहिला विद्यार्थी यायच्या आधी स्वतः उभं राहून तपासा.